ओबीएमचा प्लग सारखा काळा पडतो: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा यांच्या काठावरून या वेळी आलेल्या पत्रांत तक्रार जवळजवळ एकच आहे. होडीच्या मागचं छोटं जुनं मशीन (ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर) चालता चालता मिस मारतं, प्लग काढून बघावा तर काळाकुट्ट, नवा घातला की पुन्हा अर्धा तास बरं. मशिनं बहुतेक टू-स्ट्रोक, ५ ते १५ हॉर्सपॉवरची, वीस-पंचवीस वर्षं वापरलेली. उत्तरांआधी एक विनंती: काढलेला प्लग लगेच पुसू नका आणि नदीत भिरकावू तर मुळीच नका. वरच्या सिलिंडरचा कुठला, खालच्याचा कुठला अशी खूण करून कागदात गुंडाळून ठेवा. निम्मं निदान त्या कागदात असतं.

प्रश्न : आमच्या होडीला ८ हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं मशीन आहे. अर्ध्या तासात खालचा प्लग काळा आणि ओला होतो, मग एकाच सिलिंडरवर रखडत काठाला यावं लागतं. वरचा प्लग चांगला असतो. सहा महिन्यांत सात प्लग बदलले. एक मिस्त्री म्हणतात कार्बोरेटर बदला, दुसरे म्हणतात रिंगा गेल्या. कुणाचं ऐकावं?
— एक वाचक, कल्लोळ, ता. चिक्कोडी

कार्बोरेटरवर पैसे घालू नका. तुमच्या मशिनीत एकच कार्बोरेटर दोन्ही सिलिंडरना पेट्रोल देतो. फ्लोट (आतलं पेट्रोल एका पातळीवर ठेवणारा तरंगता भाग) चढला असता, जेट (पेट्रोल सुटायचं बारीक भोक) झिजून मोठा झाला असता किंवा चोक अर्धवट अडकला असता, तर दोन्ही प्लग काळे पडले असते. वरचा चांगला राहतो, म्हणजे बिघाड फक्त खालच्या सिलिंडरच्या वाट्याला आलेल्या कुठल्या तरी वस्तूत आहे: प्लग, टोपी, वायर, कॉइल, रीड (आत आलेलं मिश्रण परत जाऊ न देणारी पट्टी), पिस्टनच्या रिंगा, किंवा फ्युएल पंप. पंपाचं नाव या यादीत बघून नवल वाटेल, पण आमचा पहिला संशय त्याच्यावरच आहे. का ते खाली येतंच.

आधी प्लग नीट बघा. मधल्या काडीभोवती चिनी मातीची जी नळी असते, तिच्या टोकाचा रंग महत्त्वाचा. बिस्किटासारखा तांबूस तपकिरी असेल तर सगळं ठीक. तव्याच्या बुडाला असते तशी कोरडी काजळी, बोटाला लागणारी, असेल तर पेट्रोल जास्त आणि उष्णता कमी. काळं, चिकट, बोट घसरेल असं असेल तर तेल. तुमचा ‘काळा आणि ओला’ नेमका कशानं ओला, हे ओळखायची सोपी रीत आहे: प्लग दहा मिनिटं उन्हात ठेवा. वाळून नुसती काजळी उरली तर ते पेट्रोल होतं. तसाच चिकट, चकचकीत राहिला तर तेल आहे.

काजळीनं मशीन का बंद पडतं हेही समजून घ्या. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज जाते. गॅप ओलांडून ठिणगी पडायच्या ऐवजी करंट त्या काळ्या थरावरून घसरत प्लगच्या अंगात उतरतो. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर तापलं की काजळी आपोआप जळते. ८०० च्या वर गेलं की टोकच निखारा होऊन ठिणगीआधी पेट्रोल पेटवतं. प्लगला या दोन आकड्यांच्या मध्ये राहायचं असतं. म्हणून एकदा मिस मारायला लागलेला प्लग स्वतःहून सुधारत नाही. जाळ नाही म्हणून उष्णता नाही, उष्णता नाही म्हणून काजळी वाढते.

आता तपासणी, स्वस्तापासून महागाकडे.

दोन्ही प्लगांची अदलाबदल करा आणि अर्धा तास चालवा. काळेपणा प्लगबरोबर वर गेला तर प्लगच खराब. खालीच राहिला तर पुढं चला.

मग करंट. खालचा प्लग टोपीत बसवून त्याचं लोखंडी अंग सिलिंडर हेडला घट्ट टेकवा. टेकवलेला प्लग भोकापासून लांब ठेवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि ती पेटते. वरची वायरसुद्धा मोकळी लोंबू देऊ नका, तिलाही प्लग लावून हेडला टेकवा. सीडीआयच्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिटनं ठिणगी देणाऱ्या) मशिनीत वायर मोकळी ठेवून दोरी ओढली तर सीडीआय युनिट जळू शकतं. दोरी जोरात ओढा. निळी-पांढरी, चट् आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी-तांबडी, बारीक असेल तर टोपी आणि वायर बघा. टोपी उपसून वायरच्या टोकाला हिरवट गंज दिसला तर अर्धा सेंटिमीटर कापून टोपी पुन्हा पिळून बसवा. अंधार पडल्यावर मशीन चालू करून टोपीकडं बघितलं तर फुटका करंट निळसर झगमगताना डोळ्यांना दिसतो. दोन सिलिंडरना दोन वेगळ्या कॉइल असतील तर त्याही अदलाबदल करून बघता येतात. पॉइंटची (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) मशीन असेल तर खालच्या सिलिंडरचा पॉइंट वेगळा असतो. तो कोरड्या जाड कागदानं पुसा आणि गॅप फिलर गेजनं मोजा. जुन्या छोट्या मशिनांत तो ०.३ ते ०.५ मि.मी.च्या दरम्यान असतो, नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात.

करंट चांगला निघाला तर फ्युएल पंप. हा पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनमागच्या बंद पेटीतल्या) दाब-ओढीवर चालतो. दोन सिलिंडरच्या मशिनीत ती नळी किंवा ते भोक एकाच सिलिंडरच्या केसला जोडलेलं असतं. पंपाच्या आत रबरी पडदा आहे. त्याला बारीक चीर गेली की कच्चं पेट्रोल कार्बोरेटरला वळसा घालून सरळ त्या एका सिलिंडरमध्ये ओढलं जातं. वरचा प्लग चांगला, खालचा भिजलेला, अगदी तुमचं लक्षण. मशीन बंद असताना पेट्रोल लाइनचा रबरी बल्ब दाबत राहा. तो कडक होऊन थांबायला हवा. थांबतच नाही आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल सांडतही नाही, तर ते आत केसमध्ये जातंय. पंप उघडा (चार ते सहा स्क्रू असतात), पडदा सावकाश काढून खिडकीसमोर ताणून धरा. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी तो बाद. आकसलेला, कडक झालेला, सुरकुतलेलाही बदलाच. पडदा आणि गॅस्केटचं किट मिळतं. सायकलच्या ट्यूबमधून कापलेला पडदा पेट्रोलात फुगतो, तो वापरू नका.

पंपही चांगला निघाला तरच रिंगांकडं वळा. दोन्ही प्लग काढा, वायरी हेडला टेकवा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, कॉम्प्रेशन गेज लावून दोरी चार-पाच वेळा ओढा. मग दुसरं सिलिंडर. आकडा किती यापेक्षा दोन्हींत फरक किती ते बघा. १० टक्क्यांपर्यंत चालतं, १५ च्या वर गेला तर मशीन खोलायला हवं. गेजशिवाय नुसत्या अंगठ्यानं ‘रिंगा गेल्या’ असा निकाल कुणी देत असेल तर मान्य करू नका.

प्रश्न : मशीनवर ५०:१ लिहिलंय. पण जुनं मशीन आहे, तेल थोडं जास्तच घाला, असं सगळे सांगतात. आम्ही पाच लिटरला दोन झाकणं २टी ऑइल टाकतो, कधी तीन. प्लग चिकट होतात. बरोबर प्रमाण काय?
— एक वाचक, सदलगा

‘झाकण’ हे माप नाही. एका बाटलीचं झाकण १० मिलीचं, दुसरीचं २० चं असतं. पाच रुपयांची औषधाची मापाची टोपी किंवा ५० मिलीची सिरिंज टाकीला बांधून ठेवा.

५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली, दहाला २००. २५:१ म्हणजे एका लिटरला ४० मिली, पाच लिटरला २००. ५०:१ च्या मशिनीत हे दुप्पट प्रमाण फक्त नव्या रिंगा-पिस्टन टाकल्यावर सुरुवातीच्या तासांपुरतं, पुस्तकात सांगितलं असेल तितकंच. पितळी बुशवर फिरणारी फार जुनी मशिनं असतात, त्यांना कायमच जास्त तेल लागतं. ते त्यांच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. तुमच्या प्लेटवर ५०:१ असेल तर ५०:१ च.

जास्त तेल घातल्यानं मशीन जास्त सुरक्षित होत नाही. जेटमधून जाणाऱ्या द्रवात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं. जाळ मंदावतो, पिस्टनच्या डोक्यावर आणि एक्झॉस्टच्या खिडक्यांत कार्बन साचतो, रिंगा खाचांत चिकटतात. मग कॉम्प्रेशन खरोखरच कमी होतं आणि ‘जुनं मशीन’ म्हणून तेल आणखी वाढवलं जातं.

दुसरी गोष्ट तेलाच्या जातीची. होडीचं मशीन पाण्यानं थंड होतं, स्कूटरच्या इंजिनापेक्षा गार चालतं. त्याला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं तेल लागतं. डब्यावर ही अक्षरं छापलेली असतात. जळल्यावर त्यात राख उरत नाही. स्कूटरच्या २टी तेलात राखेचे घटक असतात, ती राख प्लगच्या गॅपमध्ये बसते, कधी कधी दोन टोकांमध्ये पूलच बांधते. ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक तेल तर अडचणीतसुद्धा नको. टीसी-डब्ल्यू३ गावच्या पेट्रोल पंपावर बहुधा मिळणार नाही. गोवा, कारवार, मालवणकडं कुणी जाणार असेल तर वर्षाचं एकदम मागवा, बंद डबा टिकतो.

मिसळताना आधी निम्मं पेट्रोल, मग सगळं तेल, टाकी हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. टाकीत आधीचं मिश्रण उरलं असेल तर तेल फक्त नव्यानं भरलेल्या लिटरांचं मोजा. तीन झाकणांचा घोटाळा बहुतेक वेळा इथंच होतो.

प्रश्न : होडीसाठी आणलेलं टीसी-डब्ल्यू३ तेल द्राक्षबागेच्या टू-स्ट्रोक फवारणी पंपाला चालेल का?
— एक वाचक, अथणी

नाही. फवारणी पंप हवेनं थंड होतो, खूप तापतो. त्या उष्णतेत हे तेल पुरं पडत नाही, पिस्टन धरू शकतो. त्याला हवेच्या इंजिनाचं चांगलं २टी तेल, पंपाच्या पुस्तकातल्या प्रमाणात. दोन कॅन, दोन रंगांच्या दोऱ्या बांधून वेगळे ठेवा.

प्रश्न : हिडकलच्या जलाशयात जाळी टाकताना, उचलताना मशीन तासन्‌तास हळू चालवावं लागतं. दोन्ही प्लग ओले होतात. मशीन किनाऱ्यावरून सेकंडहँड आणलं, तिकडं चांगलं चालत होतं म्हणे. उंचीमुळं असं होतं का? गरम प्लग घालू का?
— एक वाचक, हिडकल धरण, ता. हुक्केरी

उंचीचा वाटा आहे, पण लहान. समुद्रकाठापेक्षा तुमच्याकडची हवा साधारण ६ टक्के विरळ आहे. जेट तोच राहिला की मिश्रण थोडं पेट्रोलकडं झुकतं, जेमतेम ३ टक्के. एवढ्यानं प्लग भिजत नाहीत. आधीच काठावर असलेलं मशीन मात्र पलीकडं ढकललं जातं.

मुख्य कारण तुम्हीच लिहिलंय: तासन्‌तास हळू. स्लोवर टू-स्ट्रोकचं क्रँककेस पुरेसं तापत नाही, हवेचा वेगही कमी असतो. पेट्रोल-तेलाची वाफ भिंतींना लागून पुन्हा थेंब होते आणि तळाशी साचते. अचानक रेस दिली की ते सगळं एकदम वर जातं, मशीन घोगरं होऊन निळा धूर सोडतं आणि प्लग भिजतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी जाळ्यापासून बाजूला घेऊन एक मिनिट अर्ध्यापेक्षा जास्त रेसवर चालवा. साचलेलं थोडं थोडं जळून जातं आणि टोकावरची काजळीही. यात खर्च काहीच नाही. बऱ्याच होड्यांचं दुखणं एवढ्यावर थांबतं.

थांबलं नाही तर थर्मोस्टॅट बघा. हेडवरच्या छोट्या झाकणाखाली तो असतो (काही लहान मॉडेलना नसतोच). शेवाळ, वाळूचा कण अडकून तो उघडाच राहिला तर धरणाचं गार पाणी सतत फिरतं आणि मशीन कधी तापतच नाही. पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्यानं टांगा, थर्मामीटर बुडवा, गॅसवर तापवा. बहुतेकांचा आकडा ५० ते ६० अंशांच्या आसपास, त्यावर कोरलेला असतो. गार पाण्यात तो पूर्ण बंद दिसला पाहिजे. काही जण तापतंय म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. सेकंडहँड मशिनीत झाकण उघडल्यावर जागा रिकामी सापडली तर तुमचं उत्तर तिथंच आहे.

कार्बोरेटरचा स्लोचा मिश्रण-स्क्रू शेवटी. आधी तो किती फेरे बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा, मग अलगद टेकेपर्यंत आत घ्या (आवळला तर टोक खराब होतं) आणि दीड फेरा बाहेर. तिथून पाण्यात, गिअर टाकून, गरम मशीनवर पाव-पाव फेरा बदलत जा. बल्ब दाबल्यावर कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल टपकत असेल तर स्क्रूचा काही दोष नाही. सुई झिजली आहे किंवा फ्लोट भरला आहे.

आणि किनाऱ्यावरून आलेलं मशीन रॉकेलवर चालणाऱ्या मॉडेलचं नाही ना, हे प्लेटवरून तपासा. त्या मॉडेलचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, जेटही वेगळा असतो. साध्या पेट्रोल मॉडेलचे आकडे त्याला लावून फसू नका.

गरम प्लग, म्हणजे ज्याचं टोक जास्त तापतं असा, शक्यतो टाळा. एक पायरी गरम घेतला तर स्लोवर काजळी कमी धरेल हे खरं. पण वाऱ्यात अडकून पूर्ण रेसवर काठ गाठायची वेळ आली तर तोच प्लग जास्त तापतो, आणि पिस्टनला भोक पडायची सुरुवात अशीच होते. पुस्तकात तो नंबर पर्याय म्हणून दिला असेल तरच घाला.

प्रश्न : प्लगचे नंबर कळत नाहीत. बी७एचएस सांगितला होता, दुकानात मोटारसायकलचा दिसायला तसाच दिला. चालेल?
— एक वाचक, खानापूर

आटे जुळले म्हणून चालेल असं नाही. एनजीके कंपनीच्या बी७एचएस मध्ये ‘बी’ म्हणजे १४ मि.मी.चे आटे, ‘७’ म्हणजे उष्णतेची पायरी, ‘एच’ म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मि.मी. त्याजागी ‘ई’ असेल तर लांबी १९ मि.मी. असते. असा प्लग तुमच्या हेडमध्ये सहा मि.मी. जास्त खाली उतरतो. नशीब चांगलं असेल तर आटे लाल होऊन कार्बनमध्ये जाम होतात, वाईट असेल तर पिस्टन आदळतो. हातातल्या जुन्या प्लगशेजारी नवा उभा धरून आट्यांची लांबी मोजल्याशिवाय कधीही बसवू नका. ‘बी’नंतर ‘पी’ असेल तर नाक बाहेर आलेलं असतं, तेही पुस्तकात नसेल तर नको.

एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड. बॉश (जुना मायको) आणि चॅम्पियनचं उलट, आकडा वाढला की गरम. दुकानदारानं ‘सातच्या बदल्यात सात’ दिला म्हणून जुळला असं होत नाही.

शेवटी ‘-१०’ असेल तर गॅप १ मि.मी., साध्या बी७एचएस ला ०.६ ते ०.७. बसवताना हेड गार हवं. बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, वॉशर टेकला की पान्यानं नव्या प्लगला अर्धा फेरा, जुन्याला बाराव्या हिश्श्याएवढाच. घड्याळाच्या डायलवर पाच मिनिटं, तेवढंच.

जुना प्लग साफ करायला पितळी तारेचा ब्रश आणि पेट्रोल पुरे. वाळूच्या मशिनीवर मारून आणू नका. नळीच्या खोबणीत अडकलेले कण नंतर सिलिंडरमध्ये गळतात आणि रिंगा खातात.

प्रश्न : काळी नदीच्या मुखाशी मशीन चालवतो. एका प्लगवर पाण्याचे थेंब आणि बारीक गंज दिसतो, दुसरा नेहमीसारखा काळपट. पेट्रोलमध्ये पाणी असेल का?
— एक वाचक, कारवार

पेट्रोलमध्ये पाणी असतं तर दोन्ही प्लगांवर दिसलं असतं. एकाच सिलिंडरमध्ये पाणी म्हणजे हेड गॅस्केट किंवा एक्झॉस्टच्या झाकणाचं गॅस्केट. असा प्लग कधी थेंबांऐवजी संशय यावा इतका स्वच्छ, धुतल्यासारखाही दिसतो, कारण वाफ काजळी धुऊन नेते. मशीन चालवणं आजच थांबवा. खारं पाणी बेअरिंगवर एक रात्र राहिलं तरी डाग पडतात. प्लग काढून दोरी ओढत पाणी बाहेर काढा, प्रत्येक भोकात चमचाभर २टी तेल टाकून पुन्हा दहा वेळा ओढा, मग मिस्त्रीकडं.

हेड काढल्यावर ते जाड सपाट काचेवर पालथं ठेवा. कडेला ०.१ मि.मी.ची फिलर पट्टी आत सरकली तर हेड वाकलंय. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं घासून सपाट करता येतं. गॅस्केट नवंच घाला, आणि बोल्ट मधून कडेकडं, दोन टप्प्यांत आवळा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज दहा मिनिटं गोडं पाणी फिरवलं तर ही वेळ उशिरा येते.

प्रश्न : पुराच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून गावात होडी आणि मशीन ठेवलंय. २०१९ आणि २०२१ ला चाललं. आता वर्षभर पडून असतं, गेल्या पावसाळ्यात प्लग बदलूनही सुरूच झालं नाही. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, जत्राट, ता. निपाणी

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण वेदगंगेला पाणी चढल्यावर मशीन दुरुस्तीला वेळ नसतो.

दोष बहुधा पेट्रोलचा आहे. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच भागातल्या उसाच्या मळीपासून, रसापासून ते तयार होतं. मोटारीत रोज जळतं म्हणून त्रास दिसत नाही. होडीच्या टाकीत महिनोन्‌महिने पडलं की ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात, वर पेट्रोल आणि तेल राहतं. लाइन तळातून ओढते. म्हणजे सिलिंडरमध्ये जातं ते पेटतही नाही आणि त्यात तेलही नसतं. नवे प्लग अशा वेळी पाच मिनिटांत भिजणारच. हेच पेट्रोल जुने रबरी पाइप मऊ करतं आणि पंपाचा पडदा आकसवतं, कल्लोळच्या वाचकांना सांगितला तोच.

पेट्रोलची परीक्षा घरी होते. १०० मिलीच्या उभट काचेच्या मापात १० मिली पाणी आणि त्यावर ९० मिली ताजं, तेल न मिसळलेलं पेट्रोल घाला. बूच लावून हलवा, पाच मिनिटं ठेवा. पाण्याची रेघ दहावरून जितकी वर चढली तितकं इथेनॉल. अठ्ठावीसच्या आसपास थांबली तर ते २० टक्क्यांचं पेट्रोल. टाकीतल्या जुन्या मिश्रणासाठी पाणी घालायची गरज नाही: तळातून थोडं पारदर्शक बाटलीत काढा, दोन थर दिसले किंवा गढूळ असलं तर मशिनीला देऊ नका.

मिसळलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका. महिन्याच्या शेवटी उरलेलं काढून ताजं पाच लिटर करा. एखाद्या अमावास्येला किंवा पंचायतीच्या बैठकीच्या दिवशी, असा लक्षात राहणारा दिवस ठरवून मशीन महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, शक्यतो नदीत, रेस देऊन. २०० लिटरच्या बॅरलमध्ये चालवायचं तर पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं. कोरडं एक मिनिटही नको, पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र करपतं. बॅरल उघड्यावर ठेवा. शेडमध्ये एक्झॉस्टचा धूर मशीन परत ओढतं आणि चांगले प्लगसुद्धा काळे होतात. बंद करताना बटण दाबू नका, पेट्रोल लाइन काढा आणि कार्बोरेटर रिकामा होऊन मशीन आपोआप थांबू द्या.

पुरानंतर ठेवणीत टाकताना प्रत्येक प्लगच्या भोकात ५ मिली २टी तेल घालून दोरी हळू चार-पाच वेळा ओढा. पुढच्या वर्षी हे तेल जळेपर्यंत धूर येणार आणि प्लग घाण होणार. त्यासाठी साफ केलेले जुने प्लग लावून दहा मिनिटं चालवा, आणि मगच नवे बसवा. गेल्या पावसाळ्यात नवे प्लग पहिल्याच ओढीला वाया गेले असतील तर यामुळंही असेल.

पाण्यात मधेच ओव्हरफ्लो झालं तर घाबरून दोरी ओढत बसू नका. लाइन काढा, चोक पूर्ण उघडा, प्लग काढा, सेफ्टीची दोरी उपसून ठेवा आणि वायरी हेडला टेकवा. ॲक्सिलरेटर पूर्ण देऊन दहा-बारा ओढी. कोरडे प्लग लावून, लाइन आणि सेफ्टीची दोरी परत जोडून, चोक न घेता सुरू करा. दोन माणसांना हे पाच मिनिटांत जमतं, पण आधी काठावर दोन-तीनदा केलेलं असलं तरच.

होडीत कायमची बांधलेली पिशवी हवी: गॅप लावलेले दोन प्लगजोड, एक एक कागदात आणि वर प्लास्टिकमध्ये, २१ मि.मी.चा प्लग पाना; पितळी ब्रश; कोरडं फडकं; पंख्याच्या दोन जादा पिना; सुरू करायची एक जादा दोरी; ५० मिलीची सिरिंज आणि टीसी-डब्ल्यू३ तेलाची बंद बाटली. पिशवीवर प्लगचा नंबर, गॅप आणि (मशीन ५०:१ चं असेल तर) ‘पाच लिटरला १०० मिली’ असं मोठ्या अक्षरांत रंगानं लिहा, मराठीत आणि कन्नडात दोन्ही. रात्री मदतीला कोण धावून येईल ते आधी सांगता येत नाही.